एका अंगाला झुकणारी गाडी

शहादेवनं आयुष्यात ट्रकशिवाय दुसरं काही चालवलं नव्हतं. उमापूरच्या अर्जुनरावांच्या गाडीवर तो क्लीनर म्हणून चढला तेव्हा त्याला नीट मिसरूडही फुटली नव्हती, आणि शेवटचा उतरला तेव्हा मणक्यात गॅप पडलेला होता. मधल्या काळात त्यानं कापूस गुजरातला नेला, ऊस कारखान्याला नेला, सरकी, सिमेंट, कांदे, एकदा तर अख्ख्या नाटक मंडळीचे पडदेसुद्धा नेले. डॉक्टरांनी फोटो उजेडाकडं धरला, मणक्याच्या दोन हाडांमध्ये पेन ठेवून दाखवलं आणि म्हणाले, "आता स्टेअरिंग बंद." तेव्हापासून शहादेव घरी होता. कंबरेला पट्टा बांधून ओट्यावर बसायचं आणि हायवेकडून येणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून कुणाचा सायलेन्सर फुटलाय, कुणाचा गिअर अडकतोय हे बायकोला सांगायचं, एवढंच काम उरलं होतं. मुक्ताबाई भाजी निवडता निवडता "हो का" म्हणायची.

त्याची लेक पंचशीला गेवराईच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवायची. पुण्याला इंजिनिअर झाली, दोन वर्षं एका कंपनीत काढली, आणि जागा निघाल्यावर परत आली. रोज सकाळी उमापूरहून जीपनं जायची, संध्याकाळी यायची. पोरगी ट्रकचंच शिकवते म्हटल्यावर शहादेवला कोण अभिमान! पण तो तोंडावर कधी बोलला नव्हता. लेकीशी तो बोलायचा ते क्लीनरशी बोलल्यासारखं, तुटक.

पुण्याहून येताना पंचशीलानं दोन गोण्या भरून प्लास्टिकचे ठोकळे आणले होते. लहान मुलं एकावर एक बसवून घरं-बंगले करतात ते ठोकळे; पण त्यात बारके दातेरी गिअर होते, अधिक चिन्हाच्या आकाराच्या लांब कांड्या होत्या, धक्के झेलणारे बोटभर उंचीचे स्प्रिंगचे शॉकप होते, चाकं होती. ज्यांची पोरं मोठी झाली त्यांच्याकडून तिनं ते गोळा केले होते. शहादेवनं पहिल्यांदा गोणीत हात घातला तेव्हा तो हसला होता.

"आगं, तू शिकायला गेलतीस का खेळायला गेलतीस?"

"दोन्ही," पंचशीला म्हणाली होती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं पत्र्याच्या शेडखाली जुनी चादर अंथरली आणि त्या गोण्या रिकाम्या केल्या. आयटीआयमध्ये कापून उघडं केलेलं एक इंजिन होतं, एक सुटा गिअरबॉक्स होता. त्यातून कुठला भाग कुठं बसतो हे मुलांना दाखवता यायचं. पण माल भरल्यावर, चढ लागल्यावर, चाक खड्ड्यात गेल्यावर आत काय घडतं हे कसं दाखवणार? तिला असा ट्रक करायचा होता की ज्याचं पोट उघडं असेल, ज्याला मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा खरा डिफ्रन्शल असेल, खरे स्प्रिंग असतील, आणि जो टेबलावर ठेवून मुलांना हात लावून बघता येईल.

शहादेव पहिले दोन दिवस लांबून बघत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं खुर्ची शेडखाली ओढली.

आणि मग त्याला तिथून उठवेना. ह्या पोरीचे हात! चिमटीत धरता येणार नाही एवढा बारका गिअर ती न बघता योग्य कांडीवर सरकवायची. एखादा भाग बसेना तर जोर करायची नाही. थांबायची, फिरवून बघायची, तोंडातल्या तोंडात काही पुटपुटायची आणि पूर्ण वेगळ्या बाजूनं तो आणायची. चार वेळा उकलून पाचव्यांदा बांधायला लागलं तरी तिच्या कपाळावर आठी नसायची. शहादेवनं जन्मभर मिस्त्री पाहिले होते. हातोड्यानं सगळं जुळवणारे पाहिले होते, शिव्या देत नट आवळणारे पाहिले होते. असं शांतपणे यंत्राचं म्हणणं ऐकून घेणारं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं.

ट्रक उभा राहिला. पिवळी केबिन, लाल हौदा, मागं दोन्ही बाजूंना दोन-दोन शॉकप, मध्ये डिफ्रन्शल. केबिनखाली छोटी मोटार, तिला लागूनच वेग कमी करून ताकद वाढवणारे गिअर, तिथून मागच्या चाकांपर्यंत लांब शाफ्ट आणि शाफ्टला दोन सांधे. मुक्ताबाईनं जुन्या चोळीच्या खणातून चिमुकल्या गोण्या शिवून दिल्या आणि त्यात ज्वारी भरली. शहादेवनं स्वतःच्या हातानं त्या हौद्यात लावल्या. थप्पी कशी लावायची हे तरी त्याला विचारायला हवंच होतं.

ओट्याला एक फळी तिरपी टेकवली. "हा मांजरसुंब्याचा घाट," शहादेव म्हणाला.

पंचशीलानं बटण दाबलं. गाडी सपाटीवर झकास चालली. फळीला लागली, चार बोटं चढली, आणि मग दोन गोष्टी एकदम झाल्या. आतून कट-कट-कट असा दात घसरल्याचा आवाज यायला लागला आणि गाडीचं अंग उजवीकडं कललं. डावं चाक हलकं होऊन जागच्या जागी गरगर फिरायला लागलं. उजवं चाक थांबलं. गाडी तिथंच उभी.

"डिफ्रन्शल हाय ना," शहादेव लगेच म्हणाला. "एक चाक मोकळं झालं की सगळी ताकद तिकडं पळती. चिखलात आमचं असंच व्हायचं. चाक मोकळं व्हायचं कारण, तुपला उजवा पाटा बसला. उजवीकडं कडक स्प्रिंग टाक."

खऱ्या ट्रकचा पाटा, म्हणजे चाकावरचा पोलादी पट्ट्यांचा स्प्रिंग, बसला की गाडी एका अंगाला जाते, हे त्याला डोळे झाकून ठाऊक होतं. पंचशीलानं गोणीत हात घालून कडक स्प्रिंगचे दोन शॉकप शोधले आणि उजवीकडं लावले. गाडी आता रिकामी असताना डावीकडं झुकून उभी राहायला लागली, लंगड्या बैलासारखी. चढाला लावली तर सरळ दिसली खरी, पण कट-कट थांबली नाही.

"गिअर आवळून बसव."

तिनं डिफ्रन्शलच्या दोन्ही अंगांना ठोकळ्यांची चौकट घातली. आवाज थोडा कमी झाला. गाडी आणखी दोन बोटं चढली आणि पुन्हा कट-कट.

"डावीकडं बी कडक टाक मग. दोन्ही कडक. ओव्हरलोडला आमी जास्तीचा पाटा टाकायचो."

"अण्णा, मला वाटतं..."

"टाकून तर बग."

तिनं टाकलं. चारही शॉकप कडक झाले, गाडी लाकडासारखी ताठ झाली. कट-कट करतच ती फळीच्या मध्यापर्यंत गेली; तिथं एक जुना खिळा थोडा वर आला होता. चाक त्यावर चढलं. स्प्रिंग दबलाच नाही, त्यामुळं अख्खी गाडी एका बाजूनं उचलली गेली, आणि ज्वारीच्या गोण्यांसकट फळीवरून खाली फरशीवर आदळली. केबिन फुटून ठोकळे चारी दिशांना गेले. मुक्ताबाई चुलीपासून धावत आली.

पंचशीलानं वाकून केबिनचे ठोकळे गोळा केले. मग म्हणाली, "अण्णा, तुमी प्रत्येक बारी स्प्रिंगच कावून धरता? ह्यो खरा ट्रक न्हाई."

आवाज तिनं चढवला नव्हता. तरी शहादेवला ते लागलं. त्याच्याकडं दुसरं होतंच काय? शाळा सातवीत सुटलेली, शेती नाही, कंबर गेलेली. ट्रक तेवढा आपल्याला कळतो असं वाटत होतं, आणि आता लेक म्हणत होती की हा तो ट्रक नाही. तो उठला, काठी घेतली आणि लिंबाखाली जाऊन बसला. मुक्ताबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"लेकरावर रुसलाव का?"

"मी कशाला रुसतो?"

"मग चपला न घालता कावून आलाव एवढ्या उन्हात?"

शहादेवनं पायांकडं पाहिलं आणि ते जवळ ओढून घेतले.

शेडमधून बराच वेळ ठोकळे जोडल्याचा टकटक आवाज येत होता. मग मोटारीची घरघर. मग शांतता. मग पुन्हा घरघर, पुन्हा शांतता. शहादेवचं सगळं लक्ष तिकडंच होतं, पण तो मान वळवून बघत नव्हता. शेवटी पंचशीलाच आली. कपाळाला घाम, बोटांना ज्वारीची धूळ लागलेली.

"अण्णा, चला. मला तुमचे हात पायजेत."

"हात कशाला? मला त्या खेळण्यातलं काय कळतं?"

"मला जे सापडलंय ते बरोबर हाय का चुकलं, हे फक्त तुमीच सांगू शकता. चला ना."

त्या 'चला ना'त कसलीही मखलाशी नव्हती. तो उठला.

तिनं पुन्हा सगळे मऊ स्प्रिंग लावले होते, पहिल्यासारखे. गाडी फळीवर ठेवली आणि पुढं चालवली. गाडी उजवीकडं कलली, कट-कट सुरू झाली. "बघितलं? आता बगा." तिनं गाडी उलटी फिरवली, मागचं तोंड चढाकडं केलं आणि रिव्हर्सचं बटण दाबलं.

गाडी आता स्वतःच्या डाव्या अंगाला कलली.

शहादेव पुढं वाकला. कंबरेतून कळ आली तरी वाकला. "परत कर."

पुढं, तर उजवीकडं. मागं, तर डावीकडं.

"पाटा बसला असता," पंचशीला म्हणाली, "तर कुठंबी गेली तरी उजवीकडंच झुकली असती. स्प्रिंगला कुठं कळतं गाडी पुढं चालली का मागं?"

शहादेवला हे सुचलं नव्हतं. पुढं जाईना म्हणून तो पुढंच ढकलत राहिला होता. ही पोरगी मात्र सहज गाडी उलटी फिरवून बघते.

"आता केबिन दोन्ही हातांनी धरा. घट्ट नको, हलकं धरा." तिनं मागची दोन्ही चाकं आपल्या मुठीत आवळली आणि अंगठ्यानं बटण दाबलं. चाकं फिरेनात, मोटार गुरगुरली, आणि शहादेवच्या हातात केबिन वळवळली. जिवंत मासोळी धरावी तशी ती एका अंगाला पिळली जात होती.

"आरं तिच्या!" तो म्हणाला. "ही तर ड्रिल मशीनवानी करायली. भिंतीत बिट अडकली की मशीन हात पिरगाळती, तसं."

"तेच!" पंचशीलाचे डोळे चमकले. "शाफ्ट एका बाजूला फिरतो, तर गाडीचं अंग उलट्या बाजूला फिरायला बघतं. चढावर ताकद जास्त लागते, म्हणून पीळ जास्त. त्यानं एक चाक दाबलं जातं, दुसरं मोकळं होतं."

"रेस दिली की विंजन एका अंगाला हिसका मारायचं आमच्या गाडीचं," शहादेव हळूहळू म्हणाला. "म्या रोज बघायचो ते. पण गाडी न्हाई झुकायची."

"कारण तुमच्या गाडीचं वजन टनावारी होतं, पाटे जाड होते. पीळ तिथं बी होताच, पण त्याला कोण जुमानतंय! हिचं वजन किलो-दोन किलो. म्हणून मी म्हणलं, ह्यो खरा ट्रक न्हाई. तुमचं चुकलं असं नव्हतं म्हणायचं मला, अण्णा."

शहादेवनं हात केला, राहू दे म्हणून. त्याला आता रुसव्यात काडीचाही रस नव्हता. "आन् ती कट-कट?"

"ती बी तिथलीच. दोन्ही एकच दुखणं हाय." ती फरशीवर मांडी घालून बसली आणि शाफ्टवर बोट ठेवलं. "मी ताकद वाढवायचे गिअर कुठं लावलेत? मोटारीजवळ. म्हणजे वाढलेली सगळी ताकद ह्या लांब, बारक्या कांडीतून मागं जाते. बघा, कांडी पिळून निघालीय." खरंच, पांढऱ्या कांडीवरच्या रेघा दोरीसारख्या वळलेल्या होत्या. "इतका जोर डिफ्रन्शलच्या बारक्या दातांवर आला की ते एकमेकांना लांब लोटतात आणि घसरतात. आता हेच ताकद वाढवायचे गिअर जर शेवटी, चाकापाशी नेले..."

"तर शाफ्ट नुसता जोरात फिरंल," शहादेव म्हणाला. "त्याच्यावर लोडच न्हाई."

"बरोबर!"

"पीळ न्हाई, झुकणं न्हाई." तो थांबला. "खदानीवरच्या मोठ्या टिपरच्या चाकात गिअर असायचा. आमाला वाटायचं, हे कशाला उगं चाकात गिअर घालून ठेवलेत? पंक्चर काढताना लई शिव्या दिल्यात त्यांना."

पंचशीला खळखळून हसली. खूप दिवसांनी शहादेवनं तिचं असं हसणं ऐकलं. लहानपणी केबिनमध्ये बसवून गेवराईला नेलं की हॉर्न वाजवून ती अशी हसायची.

मग ती कामाला लागली. मोटारीजवळचे मोठे-लहान गिअर काढून तिथं सारख्या आकाराचे लावले. मागच्या एक्सलच्या दोन्ही टोकांना, चाकाच्या पोटातच, लहान गिअरनं मोठा गिअर फिरवायची रचना केली. ऐकायला सोपं, पण चाकाच्या आत जागा किती? मोठा गिअर घातला की चाक जमिनीला टेकेना. चाक मोठं केलं की शॉकपला अडे. तिनं चाक वेगळं लावून पाहिलं, शॉकप तिरका केला, एक्सल उलटा टांगला. तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तिला हाक मारली तर ती अर्धी भाकरी हातात घेऊनच शेडमध्ये परत गेली. शहादेव फक्त मागितलेला तुकडा शोधून देत होता: काळी लहान पिन, करडा आठ दातांचा गिअर. आता त्याला नावं पाठ झाली होती. एकदाही तो 'असं कर' म्हणाला नाही. म्हणावंसंच वाटलं नाही. दोन-तीन वेळा तिचं डोकं ज्या दिशेला चाललं होतं ते त्याला अजिबात कळलं नाही, आणि न कळण्यातसुद्धा मजा वाटत होती. घाटात रस्ता दिसत नसला तरी पुढच्या गाडीचा ड्रायव्हर पक्का आहे हे माहीत असलं की मागचा निवांत चालवतो, तसं त्याचं झालं होतं.

गाडी फळीला लागली तेव्हा मुक्ताबाईही येऊन उभी राहिली होती. ह्या खेपेला आवाजच वेगळा होता. शाफ्ट वेगानं, हलकेच गुणगुणत होता, आणि चाकं मात्र सावकाश, दमदार फिरत होती. अंग सरळ. चाक खिळ्यावर चढलं, त्या बाजूचा मऊ स्प्रिंग दबला, सुटला, आणि गाडी पुढं गेली. ज्वारीची एकही गोणी हलली नाही. ओट्यावर पोचून ती थेट मुक्ताबाईच्या पायाशी जाऊन थांबली.

"आता माझ्या अंगावर घालताव का काय!" मुक्ताबाई मागं सरली, आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली.

शहादेवनं खिशातून रुमाल काढला, गाडीचे टायर एकेक करून पुसले, आणि केबिनवरची ज्वारीची धूळ झटकली. खरी गाडी घाट चढून वर आली की तो असंच करायचा.

आयटीआय उघडल्यावर पंचशीला म्हणाली, "अण्णा, उद्या वर्गात चला." कंबरेची सबब त्यानं सांगून पाहिली. तिनं जीपवाल्या माऊलीला पुढची सीट राखून ठेवायला सांगितलं होतं.

वर्कशॉपमध्ये मधल्या टेबलाभोवती मुलं-मुली दाटीनं उभी होती. शहादेवला मागं बाकावर बसवलं होतं. पंचशीलानं आधी मोटारीजवळ गिअर असलेली जुनी रचना लावून गाडी झुकवून दाखवली, दात घसरवून दाखवले आणि विचारलं, "काय झालंय?" एक मुलगा म्हणाला, "मॅडम, उजवा पाटा बसलाय." शहादेवनं मिशीतल्या मिशीत हसून खाली पाहिलं. पंचशीलानं गाडी उलटी फिरवली. मुलं टेबलावर पुढं वाकली. मग तिनं एकेकाला केबिन धरायला लावली, पीळ हातात जाणवू दिला, आणि त्यानंतरच चाकांत गिअर असलेला एक्सल जोडला. गाडी चढ चढून वर गेली तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. प्राचार्य मोहनराव दारातून आत आले आणि म्हणाले, "हा आता काचेच्या कपाटात ठेवू, मॅडम. पाहुणे आले की दाखवता येईल."

"ठेवू ना सर," पंचशीला म्हणाली, आणि दोन्ही हातांनी केबिन धरून उपटली.

शहादेव बाकावरून उठलाच. तिनं हौदा काढला, शॉकप सोडवले, शाफ्ट ओढून काढला, डिफ्रन्शल मुठीत घेऊन त्याचे तीन तुकडे केले. अख्ख्या सुट्टीची मेहनत टेबलावर पसरली. तिच्या चेहऱ्यावर खंत सोडा, उलट घाई होती.

"आता तुम्ही जोडायचा," ती मुलांना म्हणाली. "माझ्यासारखाच पाहिजे असं काही नाही. तुमच्या पद्धतीनं जोडा. कुठं अडलं तर आधी गाडी उलटी चालवून बघा, मग मला हाक मारा."

मोहनराव टेबलाजवळ येऊन बघायला लागले. शहादेव परत बाकावर टेकला आणि लेकीकडं बघायला लागला. ती बाजूला सरून, हात मागं बांधून उभी होती, आणि जोडणारी पोरं चुकत होती तरी तोंडातून शब्द काढत नव्हती. ह्यो दम कुठून आणला हिनं, असं त्याच्या मनात आलं. आपण असतो तर त्या गाडीला कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नसतं.

एक लांब वेणीची मुलगी हातात गिअर घेऊन त्याच्यापाशी आली. "काका, मॅडम सांगत होत्या, तुम्ही ट्रक ड्रायव्हर होता. हा कुठं बसतो?"

शहादेवनं गिअर हातात घेतला, उजेडाकडं धरून फिरवून पाहिला. करडा, आठ दातांचा. तो कुठं बसतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तो तिच्या तळहातावर परत ठेवला.

"बसवून बग की," तो म्हणाला. "न्हाई बसला तर दुसरीकडं बसव. मी बसलोय हितंच."

आणि बाक टेबलाजवळ ओढून घेत तो पुढं सरकला, सगळं नीट दिसावं म्हणून.